इंग्रजी काळांचे कोडे मराठीतून सोडवा

नांदेड/लातूर, प्रतिनिधी - 'आय हॅव पास्ड बी.एस्सी. इन २०१९.' नोकरीच्या मुलाखतीत अनेक उमेदवारांची ओळख अशाच वाक्याने सुरू होते आणि पहिल्याच वाक्यात चूक होते. विज्ञान-गणितात 'लातूर पॅटर्न'चा दबदबा निर्माण झाला. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही बारा काळांचा तक्ता तोंडपाठ असलेला विद्यार्थी बोलताना अडखळतो. कारण तो विचार मराठीत करतो, आणि दोन्ही भाषांत काळाची विभागणी सारखी नाही.

कुणी हाक मारली की आपण 'आलोच' म्हणतो. क्रियापद भूतकाळाचे, येणे मात्र अजून व्हायचे असते. इंग्रजीत येथे 'आय अॅम कमिंग' असेच म्हणावे लागते. अशा तीन जागा विशेष फसव्या आहेत.

पहिली, पूर्ण वर्तमानकाळाची. 'मी २०१९ मध्ये पदवी घेतली आहे' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत मात्र गेलेली निश्चित वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही. साधा भूतकाळच लागतो. म्हणून 'आय पास्ड बी.एस्सी. इन २०१९' हे योग्य. साल सांगायचे नसेल, तर 'आय हॅव पास्ड बी.एस्सी.' हेही शुद्धच.

दुसरी जागा 'होतो'ची. 'मी काल लातूरला गेलो होतो' याचे 'आय हॅड गॉन' असे भाषांतर सर्रास केले जाते. येथे 'आय वेन्ट टू लातूर यस्टरडे' पुरेसे आहे. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधी घडलेली घटना दाखवायची असेल, तेव्हा 'हॅड' कामी येते. 'व्हेन आय रीच्ड नांदेड स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' या वाक्यात गाडी आधी सुटली, प्रवासी नंतर पोहोचला.

तिसरी जागा 'पासून'ची. 'मी पाच वर्षांपासून नांदेडला राहतो' यात मराठी वर्तमानकाळ वापरते. त्यावरून 'आय अॅम लिव्हिंग इन नांदेड सिन्स फाइव्ह इयर्स' हे चुकीचे वाक्य तयार होते. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी 'आय हॅव बीन लिव्हिंग इन नांदेड फॉर फाइव्ह इयर्स' असे म्हणावे. कालावधी सांगताना 'फॉर', तर आरंभाचा क्षण किंवा साल सांगताना 'सिन्स' वापरावे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठी माणसाच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून पाहण्याची ती रीत आजही उपयोगी आहे. वाक्य बोलण्यापूर्वी स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: क्रिया केव्हा घडली, आणि ती संपली की अजून चालू आहे? उत्तर स्पष्ट असेल, तर काळ निवडताना सहसा चूक होत नाही.