चीक थांबत नाही

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एखाद-दुसरा तरी प्लास्टिकचा कागद अंथरलेला दिसतो. चार कोपऱ्यांवर चार दगड आणि मध्ये पांढऱ्याशुभ्र कुरडया. बाकी आपण सगळ्याजणी बचतगटाच्या पाकिटांवर उन्हाळा साजरा करतो म्हणा! पण कुरडया दिसल्या रे दिसल्या, की माझ्या कानात हटकून 'रामायण' मालिका सुरू होते. कुरडयांचा आणि रामायणाचा काय संबंध, असं वाटलं ना? सांगते.

रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालं २५ जानेवारी १९८७ रोजी आणि संपलं ३१ जुलै १९८८ रोजी. दर रविवारी सकाळी साडेनऊला. म्हणजे त्यात दोन अख्खे उन्हाळे आले. पुण्यातल्या आमच्या वाड्यात तेव्हा आमच्याकडेच टीव्ही. शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. कौलांवरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभा. रविवारी नऊपासूनच दारात चपलांचा ढीग पडायचा. मी आणि माझा भाऊ पहिल्या रांगेत, सतरंजीवर मांडी ठोकून.

आणि आई? आई गच्चीवर.

कुरडयांचं गणित मोठं अवघड असतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, पिळायचे, गाळायचे. रात्रभर सत्त्व खाली बसू द्यायचं. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं आणि हिंग-मीठ घातलेल्या आधणात चीक शिजवायचा. एवढं झालं की तो गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. गार झाला की संपलंच. शेजारच्या एक काकू बँकेत, दुसऱ्या शाळेत. सोऱ्या दाबायला बाबांचा हात हवा. म्हणजे सगळ्यांना जमणारा वार एकच, रविवार. इकडे राम वनवासाला निघालेला आणि तिकडे आईचा चीक उतरलेला. राम काय, पुढच्या रविवारीही वनवासातच असणार होता. चीक थांबत नव्हता.

बाकीच्या रविवारी तरी ती कुठे बसायची? एवढ्या माणसांचा चहा, मग पोळ्या. मधूनच हात पुसत उंबरठ्याशी यायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि 'दूध उतू जाईल गं बाई' म्हणत परत आत. मी तिला कधी 'आई, माझ्या जागेवर बस' म्हटल्याचं मला आठवत नाही. ती बसत नाही, हे आम्हाला भिंतीवरच्या घड्याळाइतकं ठाऊक होतं. ते आम्हाला कधी खटकलंच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये पाडव्यासाठी म्हणून आई आमच्याकडे आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, असं रोज दोनदा. कामाला बाई येत नव्हती, त्यामुळे घरातल्या कामांच्या वाटण्या झाल्याच होत्या. भांडी मुलाकडे, स्वयंपाक माझ्याकडे, केर नवऱ्याकडे. आईच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती सवयीने स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी राहिली. नातवाने खुर्ची ओढून दिली. "आजी, बस ना. उभी का?"

ती बसली. आणि मग आमच्या घरात दोन कार्यक्रम सुरू झाले. एक टीव्हीवरचा, दुसरा आईचा.

"अगं, वनवासात सीतेचं लुगडं भगवं होतं होय? मला वाटायचं पांढरं!"

"मंथरा म्हणजे ललिता पवार. मी तेव्हा आवाजावरून ओळखलं होतं, पोळ्या लाटता लाटता."

"दशरथ-कौसल्या म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर. खरे नवरा-बायको, माहितीये का?" हे तर तिने नातवाला निदान चार वेळा सांगितलं.

गंमत म्हणजे पुढचा संवाद तिला आधीच यायचा. अख्खं रामायण तिने कानांनी पाठ केलं होतं, पाहिलं तेवढं नव्हतं. तेहतीस वर्षांनी ते तिला दिसत होतं. मी कोथिंबीर निवडता निवडता टीव्हीकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघत होते. हसू येत होतं, आणि आत कुठेतरी टोचतही होतं.

तेव्हा दीड वर्ष चाललेली मालिका या वेळी तीन आठवड्यांतच, १८ एप्रिलला संपली. मधेच मी सहज विचारलं होतं, "आई, ऊन कडक पडलंय. घरात गहू आहेत. घालायच्या का कुरडया?" तिने नजरही न हलवता सांगितलं, "यंदा नाही. सकाळी नऊला रामायण असतं."

त्या वर्षी आमच्याकडे कुरडया झाल्या नाहीत. कुणाचं काही अडलं नाही. दिवाळीत विकतच्या तळल्या. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बऱ्या आहेत. फुलल्या नाहीत पण माझ्यासारख्या."

आता टीव्ही हवा तिथे थांबवता येतो. कुकरची शिट्टी झाली की मी बटण दाबते, उठते, परत येऊन बसते. तरी कधीकधी माझ्या लक्षात येतं, की आपण अर्धा भाग दाराशी उभं राहूनच पाहिला. सवय अशी सहजासहजी जात नाही, नाही का?

यंदा मात्र मी आईच्या मागे लागलेय, मला कुरडया शिकव म्हणून. ती तयार आहे, पण तिच्या दोन अटी आहेत. सोऱ्या मी दाबायचा आणि तिची खुर्ची गच्चीवर सावलीत न्यायची.

"मी बसून सांगेन," म्हणाली.