नैरोबीच्या हवेत बोलायची परवानगी

३० सप्टेंबर २०१२ ही मुदत संपली आणि केनियातले सुमारे १९ लाख मोबाइल मुके झाले. बॅटरी भरलेली, सिम घातलेले, बॅलन्सही शिल्लक. पण नेटवर्कने त्यांना ओळख देणे थांबवले होते. अस्सल हँडसेटला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. या फोनांचे क्रमांक खोटे होते किंवा एकच क्रमांक असंख्य फोनांवर होता. आपला फोन खरा की नकली हे पाहण्यासाठी तो क्रमांक १५५५ वर एसएमएस करायची सोय होती. २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात चिथावणीखोर एसएमएस फिरले होते आणि मार्च २०१३ची निवडणूक तोंडावर होती. माग काढता येणार नाही असा फोन सरकारला नको होता. आपल्याकडेही २००९च्या डिसेंबरात आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा तोडली होती, हे अनेकांना आठवत असेल.

पण लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू नंतर बंद करणे हा उलटा कारभार झाला. ती बाजारात येण्याआधीच तपासायला हवी. जवळजवळ प्रत्येक देशात त्यासाठी एक पद्धत आहे, तिला ‘टाइप अप्रूव्हल’ म्हणतात. एकेक नग तपासायचा नसतो. एका मॉडेलला मान्यता मिळाली की त्या मॉडेलचे लाखो नग विकता येतात. केनियात हे काम ‘कम्युनिकेशन्स अथॉरिटी’ करते. १९९८चा माहिती व दळणवळण कायदा आणि दळणवळण उपकरणांच्या आयात, मान्यता व वितरणाचे २०१०चे नियम हा त्याचा आधार.

कायद्याची नजर फक्त फोनवर नसते. वायफाय राउटर, वॉकीटॉकी, ट्रकमधला जीपीएस ट्रॅकर, दुकानातले कार्ड-मशीन, हवेत लहरी सोडणारे सगळेच तिच्या टप्प्यात येते. केनियात तर दिव्यालाही सिम असते. ‘एम-कोपा’ या कंपनीने गावोगावी हप्त्यावर सौर दिवे दिले. एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने हप्ते भरायचे, हप्ता थकला तर डब्यातल्या सिममार्फत संच दुरूनच बंद. म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी तो दिवा, कायद्याच्या लेखी ट्रान्समीटर.

जी वस्तू न्यूयॉर्कमध्ये चालते तिला नैरोबीत काय अडचण, असे कुणी विचारील. अडचण लहरींच्या वाटपात आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग पाडले आहेत: आफ्रिका आणि युरोप पहिल्यात, अमेरिका खंड दुसऱ्यात, भारत तिसऱ्यात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना छोट्या उपकरणांना मोकळा आहे, त्यामुळे तिथले वायरलेस पाणीमीटर आणि सेन्सर तिथेच बोलतात. पहिल्या विभागात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. टॉवर दोन-चार किलोमीटरवरच्या फोनची क्षीण कुजबुज ऐकायला कान लावून बसलेला, आणि शेजारच्या गच्चीवर अमेरिकन मीटरचा डीजे सुरू! मीटरला त्याचा पत्ताही नसतो. कॉल तुटतात ते मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे.

ताकदीचेही तसेच. युरोपात २.४ गिगाहर्ट्झवरच्या वायफायला १०० मिलिवॉटची मर्यादा आहे, अमेरिकेत ती कितीतरी सैल. आफ्रिकेतले बरेच देश युरोपाच्या मापाने चालतात, म्हणून अमेरिकेसाठी बनवलेला राउटर तसाच उचलून तिथे नेता येत नाही.

भारतीय उद्योजकाला इथे थोडा फायदा आहे. आपल्याकडे अशा छोट्या उपकरणांना ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा अरुंद पट्टा मोकळा आहे आणि तो युरोपाच्या ८६३ ते ८७० च्या आत बसतो. मात्र प्रत्येक आफ्रिकी देश त्या पट्ट्याच्या कडा आपल्या सोयीने कातरतो. पुण्यात चालणारा मीटर नैरोबीत चालेलच असे धरून माल पाठवू नये. आधी त्या देशाचा लहरींच्या वाटपाचा तक्ता बघावा.

मग मान्यतेची फाइल तयार करायची. खरे तर तांत्रिक बाजू बरीच सोपी झाली आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे युरोपीय मानकांप्रमाणे केलेले अहवाल अनेक नियामक ग्राह्य धरतात, त्यामुळे प्रत्येक देशात सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. रेडिओ, विद्युतचुंबकीय व्यत्यय, विजेची सुरक्षितता, आणि शरीराजवळ वापरायची वस्तू असेल तर शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे मोजमाप, असे हे अहवाल असतात. गाडी अडते ती किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. समजा, एका ट्रॅकरचे नाव चाचणी अहवालात ‘टीआर-२००’ आहे, डब्यावरच्या लेबलात ‘टीआर-२००ए’ आणि इन्व्हॉइसमध्ये नुसतेच ‘व्हेइकल ट्रॅकर’. कारखान्यातल्या माणसाला ही एकच वस्तू. मोम्बासाच्या गोदीत कागद तपासणाऱ्याला त्या तीन वस्तू दिसतात, आणि दोष त्याला देता येत नाही. आतला रेडिओ मॉड्यूल आधीच मान्य आहे, हेही उत्तर दरवेळी पुरत नाही. अँटेना बदलला की लहरींचा पसारा बदलतो.

दुसरी गल्लत दोन कार्यालयांची. दूरसंचार नियामकाची मान्यता मिळाली म्हणजे काम झाले असे नवखे निर्यातदार समजतात. केनियाचे मानक ब्युरो मात्र माल निघण्याआधीच्या तपासणीचे वेगळे प्रमाणपत्र मागते. नायजेरियातही तीच तऱ्हा: लहरींसाठी कम्युनिकेशन्स कमिशन, मालाच्या दर्जासाठी मानक संस्थेची ‘सॉनकॅप’ योजना. बहुतेक ठिकाणी स्थानिक प्रतिनिधीही लागतो, कारण उद्या तक्रार आली तर नियामकाला नोटीस बजावायला देशात कुणीतरी हवे. प्रमाणपत्र या प्रतिनिधीच्या नावावर असेल आणि त्याच्याशी बिनसले, तर बाजाराची किल्ली त्याच्या खिशात राहते. म्हणून वितरकालाच प्रतिनिधी करण्याचा मोह टाळलेला बरा.

उपकरणाची मान्यता आणि सेवेचा परवाना हे वेगळे, हे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या आफ्रिकी प्रवासात उघड्यावर आले. नायजेरियात जानेवारी २०२३ मध्ये सेवा सुरू झाली, त्याच वर्षी केनियातही. घानाच्या नियामकाने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले की या कंपनीला इथे परवाना नाही. तो पुढे २०२४ मध्ये मिळाला. दक्षिण आफ्रिकेत गाडी अडली ती मालकीवर. वर्णभेदाच्या काळात वंचित राहिलेल्या समूहांचा ३० टक्के हिस्सा परवानाधारक कंपनीत असावा, ही तिथली अट. छतावरची डिश कितीही निर्दोष असली तरी त्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

नियामकाच्या हाती असलेली चाळण लहरींपुरतीच राहते असेही नाही. केनियाच्या नियामकाने नकली फोन पकडण्यासाठी मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कला जोडायची यंत्रणा आणायचे ठरवले, तेव्हा कार्यकर्ते ओकिया ओम्ताताह न्यायालयात गेले. खासगीपणाच्या मुद्द्यावर हायकोर्टाने २०१८ मध्ये ती यंत्रणा घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. २०२४च्या अखेरीस आयात फोनांचे आयएमईआय कर खात्याला कळवण्याचे फर्मान निघाले आणि त्यालाही कोर्टात आव्हान मिळाले. गोंगाट रोखायला उभारलेली चौकी करवसुलीच्या आणि पाळतीच्या कामाला लावली, तर तिच्या खऱ्या कामावरचा लोकांचा विश्वासही उडेल. १९ लाख नकली फोनांचा अनुभव घेतलेल्या देशात तरी हे परवडणारे नाही.

निर्यातदाराची खरी डोकेदुखी मात्र सीमेपलीकडे सुरू होते. पूर्व आफ्रिकेतल्या नियामकांची ‘ईएको’ ही सामायिक संघटना आहे, खंडभराच्या मुक्त व्यापार कराराखालचा व्यापारही २०२१ पासून सुरू झाला, पण सगळ्या आफ्रिकेत चालणारे एकच वायरलेस प्रमाणपत्र अजून नाही. नैरोबीहून नामांगाची सीमा ओलांडून अरुशाला माल न्यायचा तर टांझानियाच्या नियामकाकडे नवी फाइल. भारती एअरटेलने २०१० मध्ये झेन या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतला व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरला घेतला. आज ‘एअरटेल आफ्रिका’ १४ देशांत आहे. या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना एकच राउटर विकायचा ठरवला, तर १४ नियामकांची दारे ठोठावावी लागतील. राउटरच्या मागचे छोटे लेबल कुठल्या मापाचे आणि त्यावर कुणाकुणाची चिन्हे बसवायची, हे कारखान्यातल्या डिझायनरला साचा पाडण्याआधीच ठरवावे लागते.