आधी उतार, मग कौल

नाशिक जिल्ह्यात छपराचे एकच उत्तर कधी नव्हते. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येवल्याकडे तो ५००-६०० वर येतो. त्यामुळे पूर्वेला लाकडांवर पांढरी माती चोपलेली सपाट धाबी चालली, तर पेठ-सुरगाण्याकडे उतरती छपरेच हवीत. तिकडे शेतावर स्वतः खोली बांधू पाहणारे विचारतात, कौले घालू की पत्रा? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न उताराचा.

गवती छपराला ४५ अंशांच्या आसपास उतार लागतो. पाणी आत मुरण्याआधी निथळले पाहिजे. गवत कुजते, म्हणून पुन्हापुन्हा शाकारणी आली, आणि शाकारणीला रानातले गवत व भाऊबंदांचे हात आले. कुंभाराची नळीची कौले वारा, मांजरे, माकडे यांनी सरकत. मृगाआधी ती चाळावी लागत. मंगलोरी कौलाने हे काम हलके केले. फ्रान्समधल्या अल्सेस प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणारे कौल काढले. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना घातला. खाचेत खाच बसल्याने ३० अंशांचा उतार पुरतो. मात्र एक कौल अडीच-तीन किलोचे. चौरस मीटरला पंधरा-सोळा, म्हणजे चाळीसेक किलोंचा भार.

पन्हाळी पत्र्याची कल्पना लंडनच्या हेन्री पामरची, १८२९ ची. जस्ताचा थर दिलेला पातळ पत्रा चौरस मीटरला पाचेक किलो भरतो आणि दहा अंशांवरही पाणी वाहून नेतो. दरवर्षी छपरावर चढायला ज्या घरात कोणी उरलेले नाही, तिथे पत्रा आला हे समजण्यासारखे आहे. त्याची किंमत एप्रिल-मेच्या दुपारी कळते. हलकेपणामुळे वारा तो उचलतो, म्हणून कडेचे पत्रे अधिक जवळजवळ आवळावे लागतात. जुना सिमेंटचा पत्रा मात्र कापू-फोडू नये. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत.

अडचण पुढेच आहे. दहा अंशांच्या उतारावर, बारीक पाइपांवर पत्रा टाकला, की त्या घरावर कौल कधीच चढत नाही. उकाड्याला कंटाळून बदलायचे म्हटले तर सगळा सांगाडा उतरवावा लागतो. उलट कौलांच्या हिशेबाने केलेल्या छपरावर आज पत्रा घालता येतो. रिपांचे अंतर नंतर बदलता येते. आढ्याची उंची आणि वाशांची जाडी बदलता येत नाही.

म्हणून हाती पैसा थोडा असेल, तर तो आधी लाकडात घालावा: ३० अंशांचा उतार, कौलांचा भार पेलतील असे वासे, भिंतीबाहेर दोन-अडीच फूट वळचण. वर आज पत्रा असला तरी चालेल. पुढे मुलगा कमावता झाला आणि कौले परवडली, तर घर त्यांना नाही म्हणणार नाही.