अल्पभूधारक शेतकरी आणि संस्थात्मक पतपुरवठा

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीनुसार १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जात शासन, सहकारी संस्था व व्यापारी बँका यांचा एकत्रित वाटा अवघा ७.३ टक्के होता. १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण, १९७५ मधील प्रादेशिक ग्रामीण बँका, १९८२ मधील नाबार्डची स्थापना आणि १९९८ ची किसान क्रेडिट कार्ड योजना यांमुळे हे चित्र पालटले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१९ मध्ये कृषक कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी ६९.६ टक्के कर्ज संस्थात्मक होते.

तथापि, सरासरीमागे मोठी विषमता दडलेली असते. २०१३ च्या पाहणीत दहा हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांच्या कर्जात संस्थात्मक वाटा सुमारे ७९ टक्के, तर जवळजवळ भूमिहीन कृषक कुटुंबांच्या बाबतीत केवळ १५ टक्के होता. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितीखातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

या विषमतेची प्रमुख कारणे अशी :

१) भूमी-अभिलेख : वारसनोंदी रखडतात. कुळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार टाळतात. परिणामी तोंडी कराराने जमीन कसणारा बटाईदार कागदोपत्री शेतकरीच ठरत नाही. शेतात राबणाऱ्या, पण जमीन नावावर नसलेल्या स्त्रियांचीही हीच स्थिती आहे.

२) व्यवहार खर्च : कर्ज लहान असो वा मोठे, छाननीचा खर्च फारसा बदलत नाही, म्हणून बँकेला लहान कर्ज महाग पडते. शेतकऱ्याचीही प्रत्येक फेरीत मजुरी बुडते.

३) जोखीम : कोरडवाहू शेतीत एक हंगाम बुडाला की कर्ज थकते व नव्या कर्जाची वाट बंद होते.

४) गरजांचे स्वरूप : पीककर्ज मुख्यतः लागवडीसाठी असते. आजारपणासारख्या निकडीला सावकारच तत्काळ पैसे देतो.

उपायही झाले आहेत. अग्रक्रम क्षेत्रात अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी २०१५ मध्ये ८ टक्क्यांचे उपलक्ष्य ठरले. पुढे ते १० टक्क्यांपर्यंत वाढले. विनातारण कृषिकर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये झाली. बटाईदारांसाठी संयुक्त दायित्व गट आहेत. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये त्यांना कर्जपात्रता पत्रे देणारा कायदा केला.

मात्र तारणाची अट शिथिल झाली, तरी जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावाच लागतो. तो नसल्यास कर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई मालकाच्या नावे जातात व पिकाची जोखीम कसणाऱ्याकडे उरते. म्हणूनच वहिवाटीची विश्वसनीय नोंद ही पतसुधारणेची पहिली पायरी होय.