रायपूरमध्ये पहिले घर : नवे की जुने?

रायपूर - छत्तीसगड राज्याची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी झाली आणि रायपूरला राजधानीचा दर्जा मिळाला. पुढे जुन्या शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर नवा रायपूर हे नियोजित शहर उभारण्यात आले आणि २०१२ मध्ये मंत्रालयही तेथे हलविण्यात आले. त्यामुळे प्रथमच घर घेणाऱ्यांपुढे दोन पर्याय असतात : बांधकाम सुरू असलेल्या संकुलातील सदनिका किंवा तात्यापारा, बुढापारा यांसारख्या जुन्या वस्तीतील घर. दोन्हींच्या किमती सारख्या असल्या, तरी जोखीम मात्र सारखी नसते.

नव्या घरात मुख्य प्रश्न वेळेचा असतो. ताबा लांबल्यास कुटुंबाला घरभाडे आणि कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार सोसावा लागतो. यासाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने काही संरक्षण दिले आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा अधिक असल्यास प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. विलंब झाल्यास ग्राहक व्याजासह परतावा मागू शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे.

जुन्या घरात प्रश्न मालकीचा असतो. घर समोर उभे असते, पाणी, रस्ता, शेजार यांची पारख करता येते. परंतु कागदपत्रे सदोष असू शकतात. जमीन नझूलची असल्यास भाडेपट्ट्याची मुदत व अटी पाहणे आवश्यक ठरते. घर वडिलोपार्जित असल्यास सर्व हिस्सेदारांची संमती लागते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. केवळ भावांच्या सह्या घेऊन झालेला व्यवहार त्यामुळे पुढे न्यायालयात अडकू शकतो. इमारतीचे उर्वरित आयुष्य कमी असल्यास बँका कर्जाची मुदतही कमी ठेवतात.

खर्चाचा हिशेबही वेगळा आहे. बांधकाम सुरू असलेल्या ४० लाख रुपयांच्या सदनिकेचे चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कर १ टक्का, म्हणजे ४० हजार रुपये होतो. क्षेत्र त्याहून अधिक असल्यास दर ५ टक्के होऊन ही रक्कम २ लाखांवर जाते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या नव्या घरावर आणि जुन्या घरावर हा कर नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँका किमतीच्या कमाल ८० टक्के रक्कम देतात. ४० लाखांच्या घरासाठी किमान ८ लाख रुपये आणि त्याशिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च स्वतःजवळ हवा. जुन्या घरात दुरुस्तीची तरतूदही करावी लागते.

भाडे आणि हप्ता एकाच वेळी पेलणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी दाखला मिळालेले नवे घर किंवा निर्वेध मालकीचे जुने घर घेणे हिताचे ठरते. ज्यांना प्रतीक्षा परवडते, त्यांनी नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी व पूर्णत्वाची तारीख तपासूनच पुढे जावे. दोन्ही परिस्थितींत वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेण्याआधी विसार रक्कम देऊ नये.