पाणी आहे, तेल नाही!

‘डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, एखादा ड्रॉप द्या’ ही मागणी औषधांच्या दुकानदाराला नवी नसते. स्कूटरवर वारा लागला की डोळ्यांना धारा लागतात, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, आत कचरा गेल्यासारखं खुपत राहतं. अशा माणसाला डॉक्टरांनी ‘तुमचे डोळे कोरडे पडलेत’ असं सांगितलं, तर त्याला ती थट्टाच वाटते. पण निदान बरेचदा खरं असतं. बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडला की तिथल्या नसा तक्रार करतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही.

टिकण्यासाठी लागतं ते तेल. डोळ्यावरचा अश्रूंचा पापुद्रा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच जाड असतो, पण त्यात तीन घटक असतात. बुबुळाला धरून राहणारा चिकट स्राव, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा तलम थर. हे तेल दोन्ही पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम याने 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. तेल कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक रुग्णांत कमीअधिक प्रमाणात हाच बिघाड सापडतो.

तेल पापणीच्या कडेवर येतं ते उघडझापीमुळे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापणी लववतो. मोबाइल किंवा कॉम्प्युटरसमोर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं, शिवाय पापणी पुरती मिटतही नाही. त्यात एसीचा झोत थेट चेहऱ्यावर, नाहीतर विदर्भातल्या मे महिन्याची कोरडी हवा. वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइड, लॅसिकची शस्त्रक्रिया, सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांचाही हातभार लागतो. पापणीच्या आतल्या कडेवर भरलेलं काजळ तर थेट ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

बिघाड पाण्याचा की तेलाचा, हे ठरवायला डॉक्टरांकडे साध्या तपासण्या आहेत. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर याने 1903 मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरात आहे. टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि ती किती भिजली ते मोजायचं. दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर पाणी पुरेसं, पाचच्या आत राहिली तर कमी. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात नारिंगी रंगद्रव्य लावून निळ्या उजेडात पाहतात. डोळाभर हिरवट चमक पसरते. ‘आता पापणी लववू नका’ असं सांगून डॉक्टर सेकंद मोजतात. काही क्षणांत त्या चमकेत काळे ठिपके दिसू लागतात. तिथे पापुद्रा फाटलेला असतो. दहा सेकंदांच्या आत तो फाटत असेल, तर अश्रू टिकाऊ नाहीत.

तेलाच्या बिघाडावरचा पहिला उपाय स्वस्त आहे: शेक. थंडीत बरणीतलं तूप थिजावं तसं हे तेल ग्रंथींत घट्ट होऊन बसतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचा. रुमाल दोनेक मिनिटांत निवतो, तो पुन्हा गरम करायचा. बहुतेकांचा शेक इथेच फसतो. मग हलक्या बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी कडेच्या दिशेने निपटायची आणि कड पुसून घ्यायची. हे रोज, काही आठवडे नेमाने केलं तर गुण येतो.

कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप जोडीला हवेतच. एका वेळी एकच थेंब पुरतो; दुसरा गालावर जातो. दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत, कारण बाटली टिकवणारं रसायनच डोळ्याला टोचू लागतं. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून ते मध्येच सोडू नयेत. पाणीच कमी असेल, तर अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत इवलंसं बूच बसवता येतं. ओमेगा-3 च्या गोळ्यांचा गाजावाजा खूप झाला. मात्र 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

गुलाबपाणी, मध, डोळ्यांना ‘थंडक’ देणारे ड्रॉप हे प्रयोग टाळावेत. लाली घालवणारे ड्रॉप रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसवतात, असर ओसरला की लाली परत येते. सर्वांत घातक म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेले स्टिरॉइडचे ड्रॉप. दोन दिवसांत बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू ओढवून घेतले जातात.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन सिंड्रोमची शंका घ्यावी. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते असा हा आजार मुख्यतः मध्यमवयीन बायकांत दिसतो आणि त्याला रक्ततपासणी लागते. डोळा तीव्र दुखू लागला, उजेड सोसेना किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी पुढची बाटली विकत घेण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या डोळ्यात कमी काय आहे, पाणी की तेल? उपचार त्या उत्तरावर ठरतो.