दंतवैद्याचे भय आणि दातांची निगा

कुंडलिका नदीकाठच्या जालना शहरात मस्तगड ही जुनी वस्ती आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबीलखानाने १७२५ मध्ये येथे गढी बांधली. जिल्ह्याच्या ठिकाणीच राहणाऱ्या येथील नागरिकांना जिल्हा रुग्णालय जवळ आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९८२ मध्ये सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयही सुमारे ६० किलोमीटरवर असून रेल्वे आणि एस. टी. या दोन्हींची सोय आहे. आडवळणाच्या खेड्यातील वा तांड्यावरील रुग्णापुढे अंतर, प्रवासभाडे आणि बुडणारी मजुरी या खऱ्याखुऱ्या अडचणी असतात. मस्तगडसारख्या वस्तीत त्या बऱ्याच कमी होतात. तरीही दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मिठाच्या गुळण्या, मग औषधाच्या दुकानातील वेदनाशामक गोळी, आणि गालावर सूज आली की नाइलाजाने दंतवैद्य, हा क्रम शहरात काय आणि खेड्यात काय, सारखाच आढळतो. यामागे पैशाची ओढाताण असते, तसेच भयही असते. हे भय केवळ अज्ञानाचे लक्षण मानून हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

कारण एके काळी ते पूर्णपणे साधार होते. आठवड्याच्या बाजारात, जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला चिमटा घेऊन बसणारा माणूस बधिरतेवाचून दात उपटीत असे. ज्यांनी ते सोसले त्यांनी त्याचे वर्णन पुढच्या पिढीला ऐकविले. दंतवैद्यकात गुंगीसाठी वायू वापरण्याचा प्रयोग होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये स्वतःचाच दात काढवून घेऊन केला. आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झाले आणि १९४८ च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात आले. दात कोरण्याचे हवेच्या दाबावर चालणारे अतिवेगवान यंत्र १९५७ मधील. म्हणजे वेदनारहित दंतोपचार ही गोष्ट तीन-चार पिढ्यांपेक्षा जुनी नाही. आणि घराघरांतील आठवणी त्याहून जुन्या आहेत.

परंतु भय टिकून राहण्याचे याहून मोठे कारण उपचाराच्या वेळेत आहे. ते समजण्यासाठी दात किडतो कसा, हे पाहिले पाहिजे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लात एनॅमल हे दाताचे बाहेरचे कठीण आवरण विरघळू लागते. तोंडातील लाळ आम्लता कमी करून ही झीज काही अंशी भरून काढते; त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. दिवसातून सहा वेळा गोड चहा घेणाऱ्या माणसाच्या लाळेला ही उसंतच मिळत नाही. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे आहे, ते यामुळेच. एनॅमलला संवेदना नाही. त्यामुळे पहिल्या अवस्थेत काहीही दुखत नाही, आणि नेमक्या याच अवस्थेत थोडेसे कोरून दात भरता येतो. कित्येकदा त्याला इंजेक्शनचीही गरज पडत नाही. कीड आतल्या थरात शिरली की थंड आणि गोड पदार्थ झोंबू लागतात. ती दाताच्या गाभ्यातील मज्जातंतूपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते.

यानंतर एक फसवी घटना घडते. गाभा मरतो आणि ठणका अकस्मात थांबतो. घरातील मंडळी याचे श्रेय लवंगेला देतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक वेदना खरोखरच शमवितो, आणि दंतवैद्यही तो औषधी सिमेंटमध्ये वापरतात. परंतु त्याने कीड थांबत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मुळाशी पू होऊन गाल सुजतो, आणि तेव्हा रुग्ण दंतवैद्याकडे येतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिच्यामुळे बधिरतेच्या औषधाचा जो अंश मज्जातंतूत शिरू शकतो तोच घटतो, आणि इंजेक्शन नेहमीइतके लागू पडत नाही. म्हणूनच दंतवैद्य पुष्कळदा पुवाला वाट करून देतात, जरूर तर औषधे देतात, आणि दात काढण्यासाठी पुन्हा बोलावतात. रुग्णाला मात्र ही टाळाटाळ वाटते. भीतीने उशीर केला, उशीर झाल्याने उपचार दुखला, आणि दुखल्यामुळे भीती खरी ठरली, असे हे दुष्टचक्र आहे. जबड्याखालची सूज मानेकडे पसरू लागली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर मात्र एक रात्रही थांबणे धोक्याचे असते. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

भयाला काही समजुतींचाही आधार आहे. वरचा दात काढला तर नजर जाते, ही त्यांपैकी सर्वांत दृढ. दृष्टीचा मज्जातंतू आणि दातांचा मज्जातंतू हे मेंदूतून निघणारे दोन वेगळे तंतू असून दात काढल्याने पहिल्याला इजा पोहोचत नाही. मग समजूत आली कोठून? चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर दिसेनासे होते आणि त्याच सुमारास निष्काळजीपणामुळे दाढाही पडू लागतात. दोन घटना शेजारी-शेजारी घडल्या की एकीला दुसरीचे कारण मानण्याची माणसाची सवय जुनीच आहे. शिवाय वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढते. म्हणजे डोळ्याजवळ त्रास होतो तो किडका दात तसाच ठेवल्यामुळे. दात यंत्राने साफ केले की हलू लागतात, या समजुतीचेही असेच. लाळेतील क्षार साचून झालेले कठीण किटण हिरडीखाली उतरते, हिरडीला सूज येते आणि दाताभोवतीचे हाड झिजते. सैल झालेल्या दातांना हे किटणच लिंपणासारखे धरून ठेवते. ते काढल्यावर आधी झालेले नुकसान नजरेस पडते, आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो. चार दिवस दात शिवशिवतात हे खरे. पण हिरडीतून येणारे रक्त थांबते. दातातील ‘किडा’ रिंगणीच्या बियांच्या धुरीने पडतो, असे सांगणारेही पूर्वी पुष्कळ होते. दातात दिसेल असा किडा नसतो, एवढे सांगून तो विषय सोडण्यास हरकत नाही.

रोजच्या सवयींकडे पाहिले तर जुन्यातील सर्वच टाकाऊ नाही. कडुलिंबाचे किंवा बाभळीचे दातवण, तसेच मिसवाक, नीट चावून त्याचा कुंचला करून वापरल्यास दात चांगले स्वच्छ होतात. कोळशाची वा विटकरीची पूड आणि भरड राखुंडी यांनी मात्र एनॅमल घासले जाऊन हिरडीलगत खाचा पडतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट एनॅमलला बळकटी देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. घासण्याची महत्त्वाची वेळ रात्री झोपण्यापूर्वीची होय, कारण झोपेत लाळ कमी सुटते. जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्धच आहे. ती किंवा कोणतेही आंबट फळ खाल्ल्यावर लगेच दात न घासता चूळ भरून अर्धा तास थांबावे.

खरी चिंता मिश्रीची आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखूची पूड विशेषतः स्त्रिया दात घासण्यासाठी वापरतात. आरंभ बहुधा दातदुखीवरील उपाय म्हणून होतो. तात्पुरते बरे वाटते, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा ती हिरडीवर घासल्यावाचून चैन पडत नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परंतु घरच्या चुलीवर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोहोचणे अवघड आहे. तेथे आशा कार्यकर्ती किंवा बचतगटातील मैत्रीणच उपयोगी पडेल. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, किंवा आपलीच तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके तोंड कमी उघडणे, ही लक्षणे दुखत नाहीत. म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात. तोंडाचा कर्करोग आरंभी ओळखला गेला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. दातदुखीच्या भीतीने दंतवैद्य टाळणाऱ्या व्यक्तीचे तोंड अनेक वर्षे कोणीही तपासलेले नसते, ही यातील गंभीर बाब होय.

भीतीची पेरणी बालपणी होते. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचवीन’ ही धमकी घरात आणि क्वचित शाळेतही दिली जाते. दात दुखत नसतानाच मुलाला एकदा दंतवैद्याकडे नेले तर त्या भेटीत बहुधा खुर्ची, दिवा आणि लहानसा आरसा यांच्याशी ओळख होण्यापलीकडे काही घडत नाही. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर यंत्र न लावता चांदीयुक्त फ्लोराइडचा द्राव लावून कीड थोपविता येते. त्या जागी काळा डाग उरतो, हे पालकांना आधी सांगावे लागते.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या २० दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, आणि काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा आणि अंगणवाड्यांतील मुलांच्या दातांचीही तपासणी होते. तपासणीनंतर मुलाच्या हाती दिलेली संदर्भ चिठ्ठी अनेकदा दप्तरातच राहते. पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकांनी अशा मुलांची यादी ठेवून पालकसभेत प्रत्येकाच्या पालकांना त्याची किडलेली दाढ तोंड उघडून दाखविली, तर ती दुधाची की कायमची हा वाद तेथेच मिटेल.